१८५५ चं इंजिन : चालवायचं की जपायचं?

सांधेवाला

फेअरी क्वीन हे १८५५ चं वाफेचं इंजिन पुन्हा मेन लाइनवर धावावं का, हा विषय पर्यटनाच्या धाग्यावर निघाला तेव्हा ‘धावलंच पाहिजे’ असं सगळे एका सुरात बोलले. मला ते पटत नाही. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय. आधी इंजिनाची कुंडली मांडतो, मग भांडू.

इंग्लंडात लीड्सला किटसन, थॉम्पसन अँड ह्युइटसन नावाचा कारखाना होता. तिथे १८५५ साली हे इंजिन बनलं आणि त्याच वर्षी कलकत्त्याला उतरलं. ईस्ट इंडियन रेल्वेने त्याला २२ नंबर दिला. नाव तेव्हा नव्हतंच. बारसं झालं १८९५ साली, इंजिन चाळिशीला आल्यावर. चाकांची मांडणी २-२-२, म्हणजे पुढे एक छोटी जोडी, मध्ये सहा फूट व्यासाची मोठी जोडी, मागे पुन्हा छोटी. सिलिंडर दोन, दोन्ही बाहेरच्या अंगाला, १२ इंच व्यासाचे आणि २२ इंच स्ट्रोकचे. पाण्याची टाकी बॉयलरच्या पोटाखाली, ३,००० लिटरची. कोळसा २ टन, एकूण वजन २६ टन, वेग ताशी ४० किलोमीटर आणि ताकद १३० अश्वशक्ती. आज हप्त्यावर घेतलेल्या चारचाकीतही एवढे घोडे असतात.

कामाला लागलं ते हावडा-रानीगंज मार्गावर, हलक्या मेल गाड्या ओढायला. १८५७ मध्ये सैन्याच्या गाड्या ओढल्या. पुढे गाड्या जड झाल्या, मोठी इंजिनं आली आणि हिची रवानगी बिहारमध्ये नव्या लाइनी टाकण्याच्या कामावर झाली. तिथे ती १९०९ पर्यंत राबली. चोपन्न वर्षांची नोकरी!

खरी मजा निवृत्तीनंतर आहे. भंगारात न घालता तिला हावड्याला चौथऱ्यावर चढवलं. तिथे ३४ वर्षं. १९४३ मध्ये उत्तर प्रदेशात चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत नेलं. तिथून दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात. १९७२ मध्ये वारसा दर्जा मिळाला. आणि मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की हिला पेटवून बघू या. १८ जुलै १९९७ ला, ८८ वर्षांनी, ती स्वतःच्या वाफेवर मेन लाइनला लागली. पुढे दिल्ली कॅन्टोन्मेंट ते अलवर, १४३ किलोमीटर, सरिस्का अभयारण्यासह दोन दिवसांची सहल सुरू झाली. मागे एकच वातानुकूलित डबा, साठ प्रवासी. (१८५५ चं इंजिन आणि मागे एसी. असो.) १९९८ मध्ये गिनीजने ‘नियमित चालणारं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन’ म्हणून नोंद केली, १९९९ मध्ये राष्ट्रीय पर्यटन पुरस्कार मिळाला.

२०११ मध्ये मात्र शेडमध्ये उभ्या असलेल्या इंजिनाची मोडतोड झाली आणि महत्त्वाचे भाग चोरीला गेले. दुरुस्तीसाठी चेन्नईच्या पेरांबूर लोको वर्क्सला पाठवलं. तिथे गेलेले भाग नव्याने घडवले आणि २२ डिसेंबर २०१२ ला ती पुन्हा अलवरला निघाली. २०१७ मध्ये दिल्ली कॅन्टोन्मेंट ते रेवाडी अशा फेऱ्या झाल्या. मुक्काम आता रेवाडीच्या स्टीम शेडमध्ये.

माझं म्हणणं एवढंच आहे. ती आज आपल्याला दिसते, कारण ८८ वर्षं तिला कुणी हात लावला नाही. चालणारं इंजिन स्वतःला खातं. नळ्या बदलाव्या लागतात, फायरबॉक्सचे (भट्टीचे) पत्रे बदलावे लागतात, चाकांचे टायर झिजतात, बेअरिंगं पुन्हा ओतावी लागतात. अजून पाच-दहा मोसम चालवा आणि मग १८५५ मधलं नक्की काय उरलं ते मोजायला बसा. वाफेची हौस असणाऱ्यांसाठी रेवाडीलाच डब्ल्यूपी वर्गाचं (ब्रॉडगेजच्या प्रवासी गाड्या ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनांचा एक वर्ग) ‘आझाद’ आहे, १९४७ चं. ते पळवा की. हिला कोरड्या, बंद शेडमध्ये बसू द्या.

---

बोरीबंदरकर

सुंदर माहिती, वाचनखूण साठवली. पण एक सल आहेच. देशातली पहिली प्रवासी गाडी आमची. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, चारशे पाहुणे, २१ तोफांची सलामी. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं जोडलेली. आणि जपून ठेवलेलं सगळ्यात जुनं इंजिन कुणाचं? कलकत्तावाल्यांचं!

---

इतिहासाच्या बाई

बोरीबंदरकर, पहिलेपणाचा मान आपल्याला मिळाला त्यात नशिबाचा भाग बराच होता. ईस्ट इंडियन रेल्वेचे नमुन्याचे डबे घेऊन येणारं जहाज हुगळीच्या मुखाशी बुडालं आणि इंजिन घेऊन निघालेलं दुसरं जहाज चुकून ऑस्ट्रेलियाला गेलं! त्यात चंदननगर पडलं फ्रेंचांकडे, तिथून लाइन न्यायला परवानगीची भानगड. अखेर १५ ऑगस्ट १८५४ ला हावडा-हुगळी सुरू झाली आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये रानीगंजपर्यंत लाइन पोचली. म्हणजे फेअरी क्वीन आली तेव्हा तो मार्ग अगदी कोरा होता. रानीगंजलाच का, तर तिथल्या कोळशाच्या खाणी. द्वारकानाथ टागोरांनी त्यात १८३६ मध्येच पैसा घातला होता.

आता सांधेवाला यांनी एका ओळीत गुंडाळलेल्या १८५७ बद्दल. उठाव झाला तेव्हा रानीगंज हे रुळांचं टोक होतं. कलकत्त्याला बोटीने उतरलेलं सैन्य रेल्वेने तिथवर जायचं आणि पुढे ग्रँड ट्रंक रस्त्याने बैलगाड्या, घोडागाड्या करत बनारस, अलाहाबादकडे. कर्नल नील मद्रास फ्युझिलिअर्स ही पलटण घेऊन हावड्याला आला. त्याची माणसं नदी ओलांडून यायला उशीर होत होता आणि स्टेशनमास्तर गाडी वेळेवर सोडायच्या हट्टाला पेटला. नीलने काय करावं? स्टेशनमास्तर, ड्रायव्हर, फायरमन सगळ्यांना पहाऱ्यात बसवलं आणि माणसं चढेपर्यंत गाडी हलू दिली नाही. इंग्रजी पुस्तकांत हा किस्सा धडाडीचं उदाहरण म्हणून रंगवून सांगतात. पुढे ह्याच नीलने बनारस आणि अलाहाबादला जे फासावर चढवणं चालवलं ते वाचवत नाही.

म्हणून मला ह्या इंजिनाकडे नुसतं ‘किती गोड, किती चकचकीत’ म्हणून बघता येत नाही. पितळेच्या पट्ट्या आणि लाल-हिरवा रंग ठीक आहे, पण शेजारच्या फलकावर १८५७ चं नीट लिहिलेलं असावं. चालवा किंवा उभं करा, माझी मागणी तेवढीच.

---

बोरीबंदरकर

बाई, ऑस्ट्रेलियाचं जहाज हे आम्हाला ठाऊक होतं, फक्त सांगायचं नव्हतं :) पण मुद्दा तो नाहीच. पहिली गाडी ओढणारी आमची तिन्ही इंजिनं आज नाहीत. भायखळ्याला १८५२ मध्ये मातीकामासाठी आणलेलं ‘लॉर्ड फॉकलंड’ही नाही. म्हणजे इतिहास आपल्याकडे, लोखंड त्यांच्याकडे.

---

वाफाळता चहा

छान धागा. माझा एक बाळबोध प्रश्न. मधलंच चाक एवढं मोठं का? आणि बाकीच्या इंजिनांना चाकं जोडणारा दांडा असतो तो हिला का नाही?

---

रेग्युलेटर

बाळबोध अजिबात नाही. वाफेच्या इंजिनाला गिअर नसतो. पिस्टन एकदा पुढे-मागे झाला की चाकाचा एक फेरा, बस्स. त्यामुळे वेग हवा तर दोनच मार्ग, पिस्टन भराभर हलवा किंवा चाक मोठं करा. १८५५ मधलं वंगण आणि धातू बघता पहिला मार्ग धोक्याचा. सहा फुटी चाकाचा परीघ पावणेसहा मीटरच्या आसपास येतो. ताशी ४० ला ते मिनिटाला साधारण ११६ फेरे घेतं. तेवढं त्या काळच्या यंत्राला झेपायचं. दोन सिलिंडर आणि दोन्ही बाजूंनी वाफ, म्हणून दर फेऱ्याला धुराड्यातून चार फुसकारे. ११६ गुणिले चार करा म्हणजे झुकझुक किती जलद ते कळेल.

आता दांडा. मोठ्या जोडीखेरीज बाकीची चाकं फक्त वजन वाहतात, ओढत नाहीत. रुळावर पकड मिळते ती ओढणाऱ्या चाकांवरच्या वजनाने. २६ टनांतलं मधल्या आसावर येईल तेवढंच कामाचं. हलक्या मेलला पुरतं. पण चढ आला, रूळ ओले झाले किंवा दोन डबे जास्त जोडले की मोठं चाक जागच्या जागी गरगर फिरणार. म्हणून पुढे दोन-तीन-चार आस दांड्याने जोडायची पद्धत सगळीकडे पसरली आणि अशी इंजिनं मागे पडली. फेअरी क्वीनला एकच डबा लावायचे त्यात नखरा काही नव्हता, तिला तेवढाच झेपतो.

पोटाखालच्या टाकीचंही तसंच. वजन खाली राहतं, इंजिन स्थिर चालतं. पण जागा केवढी? ३,००० लिटर पाणी प्यायला तिला वेळ लागत नाही. १४३ किलोमीटर ताशी ४० ने भागले तर साडेतीन तास येतात, पण पाण्याचे थांबे धरले तर तो हिशेब विसरा.

---

तापीकाठचा

सांधेवाला, कुंडली झकास. निष्कर्ष मात्र साफ अमान्य.

आमचे तात्या भुसावळ लोको शेडला खलाशी म्हणून लागले, फायरमन झाले, ड्रायव्हर होऊन निवृत्त झाले. मुंबईहून इगतपुरीपर्यंत वीज आणि पुढे कोळसा, अशी स्थिती कित्येक वर्षं होती, त्या काळातले. रात्री-अपरात्री कॉल बॉय सायकलवर यायचा, दार ठोठवायचा, वहीत सही घ्यायचा आणि आई डब्याच्या तयारीला लागायची. उन्हाळ्यात भुसावळला बाहेर काय तापतं ते सांगायला नको. त्यात फूटप्लेटवर, म्हणजे ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात त्या जागी, तोंडासमोर भट्टी. तात्या गळ्यात ओला पंचा टाकायचे. तो वाळला की पुढच्या पाण्याच्या थांब्यावर पुन्हा ओला.

त्यांच्याकडून जे ऐकलं त्यावरून सांगतो. चालणाऱ्या इंजिनाचं तपासणीचं चक्र असतं. ठरलेल्या दिवसांनी बॉयलर वॉशआउट, म्हणजे तळाशी बसलेला गाळ आणि खपल्या पाण्याच्या मोठ्या झोताने काढायच्या. लेड प्लग (पाणी कमी पडलं की वितळणारी शिशाची बुचं) बघायचे, गेज ग्लासची (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीची) भोकं तुंबली नाहीत ना ते बघायचं, नळ्यांची तोंडं गळतात का ते बघायचं. फिटर हातोडीने ठोकून आवाजावरून सांगायचा कुठला स्टे (फायरबॉक्सचे पत्रे धरून ठेवणारी सळई) तुटलाय ते. हे सगळं का? कारण उद्या त्यावर माणसं बसणार असतात आणि ड्रायव्हर रिपोर्ट लिहिणार असतो.

उभ्या इंजिनाचा रिपोर्ट कोण लिहितो? देशभर स्टेशनांबाहेर, रेल्वे कॉलन्यांच्या बागेत इंजिनं ठेवलीत ती बघा. गंजावर ऑइलपेंट, त्यावर पुन्हा गंज, पुन्हा ऑइलपेंट. पितळेची वस्तू पहिल्या वर्षी जाते. बॉयलरच्या आत ओल राहिली की पत्र्याला खड्डे पडतात. नळ्यांतल्या काजळीला दमट हवा लागली की तिचं आम्ल होतं आणि ते पत्रा खातं. बाहेरून पोरं फोटो काढतात, आतून चाळण झालेली असते.

आणि तुमच्याच लेखात आहे, चोरी कधी झाली? शेडमध्ये नुसती उभी होती तेव्हा. रोज पेटत असती तर दहा माणसं तिच्याभोवती असती.

---

शंकासुर

दोन्ही बाजूंना एकेक खोच.

तापीकाठचे, भुसावळची इंजिनं रोज चालायची. फेअरी क्वीन थंडीतल्या मोसमात ठरावीक शनिवारी चालायची. ‘रोज दहा माणसं’ हे चित्र तिला लागू नाही. मोसमी चालणं तर सगळ्यात वाईट. तापवा, थंड करा, महिना ठेवा, पुन्हा तापवा. बॉयलरला सारख्या तापमानात राहणं मानवतं, हे फुगणं-आकसणं नाही.

सांधेवाला, हावड्याच्या दमट हवेत ३४ वर्षं उघड्यावर काढल्यावर १९९७ मध्ये तिच्यात किती १८५५ शिल्लक होतं? आणि त्याआधीच्या ५४ वर्षांच्या नोकरीत? त्या काळी बॉयलर बदलणं ही नेहमीची गोष्ट होती. तुम्ही जी ‘मूळ’ वस्तू वाचवायला निघालात ती १९०९ लाच अर्धीमुर्धी नवी झालेली असणार.

गिनीजबद्दलही. ‘नियमित’ हा शब्द काढला तर हिच्याहून जुनी इंजिनं वाफेवर चालली आहेत. अमेरिकेत स्मिथसोनियनने ‘जॉन बुल’ हे १८३१ चं इंजिन १९८१ मध्ये, दीडशे वर्षं झाल्यावर, चालवून दाखवलं.

---

सांधेवाला

जॉन बुलचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे की! एकदा चालवलं, जगाला दाखवलं आणि पुन्हा संग्रहालयात. त्याला साठ प्रवासी आणि एसी डबा जोडून दर शनिवारी नाही पळवलं.

---

लीड्समुक्कामी

नेहमी वाचनमात्र असतो, पण गावाचं नाव निघाल्यावर राहवेना. किटसनचा कारखाना इथे हन्सलेट भागात होता. ह्या एका भागातून जगभर इंजिनं गेली. आज त्याची खूण शोधत फिरावं लागतं.

ह्याच किटसनचं, फेअरी क्वीनचं एक थोरलं भावंड आहे, ‘लायन’ नावाचं इंजिन. १८३८ मध्ये टॉड, किटसन अँड लेअर्ड ह्या नावाखाली लिव्हरपूल अँड मँचेस्टर रेल्वेसाठी बनवलेलं. ते वाचलं कसं ते ऐका. १८५९ मध्ये लिव्हरपूलच्या गोदीवाल्यांनी विकत घेतलं आणि सुक्या गोदीतलं पाणी उपसायच्या पंपाला जुंपलं. तिथे ते १९२८ पर्यंत एका जागी बसून पाणी उपसत होतं! मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हा पंप म्हणजे इंजिन आहे. बाहेर काढलं, डागडुजी केली, १९३० मध्ये त्या रेल्वेच्या शताब्दीत चालवलं. १९८० मध्ये रेनहिलच्या सोहळ्यात पुन्हा चालवलं. आता लिव्हरपूलच्या संग्रहालयात उभं आहे आणि कुणी चालवा म्हणत नाही.

स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’चं तर आणखी स्पष्ट. मूळ १८२९ चं इंजिन १८६२ पासून संग्रहालयात. लोकांना चालताना बघायचं होतं म्हणून १९७९ मध्ये हुबेहूब नवं बनवलं आणि तेच पेटवतात. मूळ रॉकेट १९९९ च्या सुमारास अभ्यासकांनी सुटं करून तपासलं. कुठला भाग कधी बदलला, कुठे ठिगळ लावलं, अपघातानंतर काय दुरुस्ती झाली, हे सगळं धातूवरच्या खुणांवरून वाचता आलं. ते चालवत राहिले असते तर त्या खुणा केव्हाच घासून गेल्या असत्या.

म्हणून शंकासुर, तुमच्या ‘अर्धीमुर्धी नवी’ला माझं उत्तर असं की ती ठिगळं म्हणजेच तिची सेवानोंद. १८७० ला बसवलेला पत्राही मला तितकाच हवा. पेरांबूरचे २०१२ चे भागसुद्धा इतिहासच, फक्त त्यांच्यावर तसा शिक्का असावा.

---

तापीकाठचा

लीड्सवाले, मान्य, धातू वाचता येतो. पण तात्या हातोडीचा आवाज ऐकून जे सांगायचे ते कुठल्या संग्रहालयात ठेवणार? देशातली ब्रॉडगेजची शेवटची वाफेची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये जालंधर-फिरोजपूर मार्गावर धावली. तेव्हा विशीत असलेला फायरमन आता निवृत्तीला आलाय. चित्तरंजनच्या इंजिन कारखान्याने शेवटचं वाफेचं ब्रॉडगेज इंजिन, ‘अंतिम सितारा’, १९७० मध्ये बाहेर काढलं. म्हणजे बॉयलर नव्याने घडवणारे हात तर त्याहून आधीचे. पेरांबूर, रेवाडी अशा मोजक्या ठिकाणी हे काम जिवंत आहे ते कशामुळे? इंजिनं पेटतात म्हणून.

आग लावणं म्हणजे कोळसा ओतणं नव्हे. आपला कोळसा राखेचा, जाळीवर क्लिंकर (राख वितळून झालेले घट्ट गोळे) धरतो. कुठल्या कोपऱ्यात पातळ थर, कुठे जाड, धुराचा रंग काळा पडला की कुठे चुकलं, चढ यायच्या किती आधी पाणी घ्यायचं. इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं साधन) सुरू केला की थंड पाणी आत जातं आणि वाफ पडते, म्हणून ते चढावर करायचं नाही. हे पुस्तकात लिहिता येतं, पण तेवढ्याने येत नाही.

---

वाफाळता चहा

तापीकाठचे, तात्यांवर वेगळा लेख लिहाच. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

जमाखर्च

भावना बाजूला ठेवून बोलू का? साठ प्रवासी, दोन दिवस, मोसम थंडीपुरता. तिकीट कितीही चढं ठेवलं तरी इंजिनाचा खर्च त्यातून निघणार नाही आणि निघावा अशी अपेक्षाही नसावी. वारसा म्हणजे खर्चच.

खरी अडचण मार्गाची आहे. दिल्ली-रेवाडी लाइनवर आज केवढी वर्दळ आहे! ताशी ४० चं इंजिन सोडलं की मागच्या गाड्या रखडतात. शिवाय आता डोक्यावर २५,००० व्होल्टची तार. वाफेच्या इंजिनावर कोळसा उकरायला, पाणी भरायला माणूस उंच चढतो, लांब सळया हाताळतो. आणि धुराची काजळी इन्सुलेटरवर बसते. तेव्हा ‘मेन लाइनवर धावलीच पाहिजे’ म्हणणाऱ्यांनी वाहतूक विभागाच्या माणसाशी एकदा बोलून बघावं.

रेवाडी शेडच्या आवारातल्या रुळावर पेटवून पुढे-मागे करायला कुणाचीच हरकत नसावी.

---

रेग्युलेटर

जमाखर्च +१. आवारात चालवलं तर पूर्ण दाबाची गरज नाही, वेग नाही, झीज कमी. तापीकाठच्यांचे फायरमनही तयार होतील.

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. हिला जुळी बहीण आहे! ईस्ट इंडियन रेल्वे नंबर २१, ‘एक्स्प्रेस’. तोच कारखाना, तेच साल. तीही १९०९ पर्यंत चालली. मग जमालपूर आणि हावडा इथे शोभेला शंभर वर्षं उभी. २०१० मध्ये पेरांबूरनेच तिला चालती केली आणि चेन्नईला स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताकदिनाच्या निमित्ताने ती धावली आहे. लागोपाठच्या नंबरची, १८५५ ची दोन इंजिनं हाताशी असणं हे भाग्य जगात फार कुणाच्या वाट्याला आलेलं नाही. मग सरळ वाटणी करा ना. २१ ने चालावं, २२ ने बसावं.

---

सांधेवाला

हे मला मंजूर. मी मूळ लेखात ‘एक्स्प्रेस’ मुद्दाम मागे ठेवली होती, कुणीतरी काढेल म्हणून.

---

शंकासुर

म्हणजे धाकटीला वाचवायचं म्हणून थोरलीला झिजवायचं? दोन्ही १८५५ च्याच. प्रसिद्धी २२ ला मिळाली म्हणून ती पूज्य आणि २१ कामवाली? लीड्सवाल्यांनी सांगितलेला रॉकेटचा मार्ग घ्या. हुबेहूब नवं इंजिन बनवा. चोरीला गेलेले भाग घडवताना पेरांबूरने मापं घेतलीच असणार, अर्धं काम झालेलं आहे. २६ टनांचं, एका आसावर ओढणारं इंजिन, त्यात असं काय अवघड?

---

तापीकाठचा

नवं बनवायला निघालात तर मी पहिली वर्गणी देतो. बॉयलर घडवायला चार पोरं शिकतील. तोवर मात्र २१ पेटती ठेवा, नाहीतर शिकवणारं कुणी उरायचं नाही.

---

इतिहासाच्या बाई

आणि फलक? त्यावर कुणीच बोललं नाही.

---

सांधेवाला

बाई, फलकाला विरोध कसला. २२ उभी राहिली तर फलक वाचायला लोक थांबतील तरी. धावत्या गाडीतल्या माणसाला कोण काय वाचायला देणार?

---

वाफाळता चहा

डिसेंबरात दिल्लीला लग्न आहे. लेक सात वर्षांची, इंजिनवेडी. रेवाडीला एका दिवसात जाऊन येणं होईल का? आणि तिथे बघण्यासारखं आणखी काय?

---

सांधेवाला

आरामात होईल. दिल्लीपासून रेवाडी सुमारे ८० किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी परत. शेड १८९३ चं, त्यालाच आता संग्रहालय केलंय. फेअरी क्वीनखेरीज ‘अकबर’ (डब्ल्यूपी ७१६१) आणि ‘आझाद’ (डब्ल्यूपी ७२००) नक्की दाखवा. आझाद अमेरिकेत बाल्डविनच्या कारखान्यात बनलेलं, डब्ल्यूपी वर्गाच्या अगदी पहिल्या तुकडीतलं. पुढे ह्या वर्गाची एकूण ७५५ इंजिनं झाली आणि आपल्या आईवडिलांच्या पिढीने जी काळी, बंदुकीच्या गोळीसारख्या तोंडाची इंजिनं बघितली ती हीच. निघण्यापूर्वी फोन करून सुट्टीचा वार आणि कुठलं इंजिन पेटवणार आहेत का ते विचारून घ्या. पेटतं इंजिन नसेल तर पोरीचा हिरमोड होईल. दिल्लीत चाणक्यपुरीचं रेल्वे संग्रहालयही जोडीला ठेवा, तिथे लहान मुलांसाठी छोटी गाडी आहे.

---

बोरीबंदरकर

आणि चाणक्यपुरीला आपलं माथेरानचं वाफेचं इंजिन उभं आहे ते विसरू नका. ओरेनस्टाइन अँड कॉपेलने १९०५-०७ मध्ये घडवलेल्या चारांपैकी एक. घाटातल्या नागमोडी वळणांवर पुढचे-मागचे आस बाजूला सरकावेत अशी खास सोय केलेली. चारांतलं आणखी एक नेरळ स्टेशनात आहे, त्यासाठी दिल्लीला जायचीही गरज नाही. एकूण काय, साहिब-सिंध-सुलतान गेले तरी आम्ही अगदीच कफल्लक नाही.

---

तापीकाठचा

वाफाळता चहा, पोरीला फूटप्लेटवर चढू देतात का ते विचारा आणि चढू दिलं तर फायरबॉक्सचं दार उघडून आत बघायला सांगा. माथेरानच्या इंजिनावर वेगळा धागा कोण काढतंय? बोरीबंदरकर, तुम्हीच काढा. इथे अवांतर वाढायला लागलंय.